मधेच जाणारा गिटारचा आवाज: दोष वायरीत, पेडलमध्ये की ॲम्पमध्ये?

३० मे २०२४ ला नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमान नोंदलं गेलं. देशभर बातमी झाली, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन आले. मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. नागपूरकराला ते आधीच कळलं होतं. ऊन होतंच, पण नेहमीचं. चूक मोजणाऱ्या डबीत होती.

गिटार वाजवताना मधेच आवाज जायला लागला की आपण नेमकं उलटं करतो. तिथे लोकांनी डबीवर विश्वास ठेवला, इथे आवाज ॲम्पमधून, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्यातून येतो म्हणून आपण ॲम्पवरच संशय घेतो. मीही घेतला. मागच्या उन्हाळ्यात त्रिमूर्तीनगरात एका मित्राच्या वरच्या खोलीत आमचा सराव चालायचा. दुसऱ्या-तिसऱ्या गाण्याला माझा आवाज बसायचा. पूर्ण जायचा नाही, कुणी ॲम्पवर गादी टाकावी तसा दबायचा. ड्रमवाला काड्या थांबवून विचारायचा, "काय होऊन रायलं बे?" पंधरा दिवसांत मी नवी वायर घेतली, गिटारचं सॉकेट बदलून घेतलं आणि ॲम्प एका दुरुस्तीवाल्याकडे तीन दिवस ठेवला. त्याच्याकडे तो तिन्ही दिवस ठणठणीत वाजला. चेकिंगचे पैसे देऊन घरी आणला, तर अर्ध्या तासात पुन्हा गादी.

दोष शेवटी सापडला, त्याकडे पुढे येतोच. पण त्या पंधरा दिवसांत जी पद्धत हाताशी आली ती आधी सांगतो. साधा पाच-दहा हजारांचा सरावाचा ॲम्प असो की व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांवर चालणारा) महागडा, पद्धत तीच.

शब्दांचा घोळ नको म्हणून एक सांगून ठेवतो. आपल्याकडे वायरीच्या टोकालाही जॅक म्हणतात आणि तो जिथे जातो त्या भोकालाही. इथे टोकाला जॅक आणि भोकाला सॉकेट म्हणू. हा ६.३५ मिलिमीटरचा जॅक मुळात एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमधला आहे. ऑपरेटर दिवसभर काढत-घालत राहायचा, त्यासाठी बनलेला. म्हणजे तो रोज घासला जाईल हे त्याच्या रचनेतच गृहीत आहे. आपण मात्र तो महिनोन्‌महिने एकाच जागी ठेवतो.

आधी दोष बोलवायला शिका

पूर्ण बंद पडलेला ॲम्प दुरुस्त करणं सोपं असतं. मधेच जाणारा आवाज पाहुण्यासारखा, कधी येईल नि कधी जाईल ते त्याचं तोच ठरवणार. त्यामुळे काहीही बदलण्याआधी, काहीही विकत घेण्याआधी, एकच प्रयत्न करा: तो दोष आपल्या मर्जीनं घडवून आणता येतो का? वायर वाकवून, ॲम्पच्या डोक्यावर तळहातानं हलकी थाप मारून, आवाज वाढवून, किंवा तासभर तापवून. ज्या दिवशी दोष हुकमानं घडतो त्या दिवशी निम्मं काम झालं. तो हुकमानं घडत नसेल तर "दुरुस्त झालं" हे म्हणायला तुमच्याकडे काही आधारच नसतो. माझ्या नव्या वायरीनंतर दोन दिवस आवाज गेला नव्हता, तेव्हा मीही पेढे वाटायच्या बेतात होतो.

दुसरं पथ्य: एका वेळी एकच गोष्ट बदला. वायर, पेडल (पायानं दाबून आवाज बदलायची डबी) आणि बोर्डाचं सॉकेट एकदम बदलून आवाज नीट आला तर काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही, आणि बिघडलेली वस्तू पिशवीत परत जाईल.

आवाज गेल्यावर मागे काय उरतं ते ऐका

आपण गेलेल्या आवाजामागे धावतो. त्या क्षणी ॲम्पमधून जे काही अजून येतंय, त्यात जास्त माहिती असते. आवाज गेला की तारांवरून हात काढा आणि कान स्पीकरजवळ न्या.

नेहमीची बारीक सूं कायम असेल तर स्पीकर आणि शेवटचा पॉवरचा भाग जिवंत आहे. दोष त्याच्या अलीकडे म्हणजे गिटार, वायर, पेडल किंवा ॲम्पचा पुढचा भाग यांत. सूंसुद्धा मेली असेल पण दिवा चालू असेल तर स्पीकर, त्याची वायर, हेडफोनचं सॉकेट किंवा पॉवरचा भाग. दिवाही गेला तर वीज, फ्यूज, पॉवर कॉर्ड. आवाज जाऊन जोराची घूं उठत असेल तर कुठेतरी वायरीची बाहेरची जाळी, म्हणजे अर्थची बाजू सुटली आहे. आणि आवाज बारीक, दबका, लांबून आल्यासारखा होत असेल तर बहुतेक एखादा संपर्क गंजलाय. माझा दोष या शेवटच्या जातीचा होता. मी तेव्हा कान लावून ऐकलं असतं तर पंधरा दिवस वाचले असते.

घूं उठत असेल तर एक गमतीची ठोकळ कसोटी आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसरा परदा दाबला की जी (G) हा सूर मिळतो, ९८ हर्ट्झचा. घूं त्या सुराशी जवळपास जुळत असेल आणि दोन्ही एकत्र वाजवल्यावर सेकंदाला साधारण दोन हेलकावे ऐकू येत असतील, तर ती १०० हर्ट्झची आहे आणि ॲम्पच्या पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर (वीज साठवून ती सपाट करणारे भाग) म्हातारे झाले असण्याची शक्यता मोठी. घूं त्याच्या एक सप्तक खाली, बेस गिटारच्या सर्वांत जाड, ई (E) तारेवरच्या तिसऱ्या परद्यापाशी बसत असेल तर ती ५० हर्ट्झची, म्हणजे बाहेरून येणारी: तुटलेली जाळी, जवळचा ट्रान्सफॉर्मर, अर्थिंगचा घोळ.

साखळी मोकळी करा

सगळी पेडलं बाजूला. गिटार, एक वायर, ॲम्प. एवढ्यावर पंधरा-वीस मिनिटं वाजवा, नेहमी ज्या आवाजावर दोष येतो त्याच आवाजावर. दोष आला नाही तर तो पेडलांत. आला तर गिटार, वायर आणि ॲम्प या तिघांपैकी एक.

आता मित्राची वायर, मग मित्राची गिटार. आणि ज्या ॲम्पला ऑक्स इन (फोनसारखं बाहेरचं काही जोडायचं सॉकेट) असतं तिथे एक सोपी युक्ती: फोनवर एखादं गाणं लावून ते ऑक्समधून सोडा आणि चालू राहू द्या. ऑक्सचा आवाज बहुतेक ॲम्पमध्ये टोनच्या बटणांच्या पुढे जाऊन मिसळतो. गाणंही मधेच बसत असेल तर गिटार आणि वायर निर्दोष. गाणं अखंड चालू आहे आणि गिटारच जातेय, तर ॲम्पचा शेवटचा भाग व स्पीकर निर्दोष. पाच मिनिटांत निम्मे संशयित घरी जातात.

वायर

बहुतेक वेळा चोर इथेच असतो, म्हणून आधी इथेच झडती. वायर ॲम्पमध्ये लावा, ॲम्पचा आवाज कमी ठेवा, आणि जॅकपासून चार बोटं अंतरावर वायर अंगठ्यानं हळूहळू चारी दिशांना वाकवा. मग दुसऱ्या टोकाला तेच. तार मधे क्वचितच तुटते, ती जॅकच्या गळ्यापाशी तुटते, कारण प्रत्येक वेळी वायर तिथेच मोडते. स्टेजवर वायर आधी गिटारच्या पट्ट्यात अडकवून मग सॉकेटात घातली तर हा ताण जॅकवर येतच नाही.

मल्टिमीटर असेल तर तो बीपवर (जोड अखंड असला की वाजतो, त्या खुणेवर) ठेवा. एका जॅकच्या पुढच्या टोकापासून दुसऱ्या जॅकच्या टोकापर्यंत बीप हवा, टोकामागच्या दांडीपासून दांडीपर्यंत बीप हवा, टोक आणि दांडी यांच्यात अजिबात नको. मीटर लावलेला असतानाच वायर वाकवा, नुसती सरळ ठेवून मोजली तर तुटकी वायरही शहाण्यासारखी वागते. टोक-दांडीत मधेच बीप आला तर जाळीचा एखादा केस सुटून आतल्या तारेला शिवतोय. असा दोष असला की आवाज कट्‌कन पूर्ण जातो, घूंसुद्धा उरत नाही.

जॅकचं झाकण फिरकीचं असेल तर वायर वाचते. झाकण उघडा, गळ्याजवळची पाचेक सेंटिमीटर वायर कापून टाका आणि नव्यानं सोल्डर करा. झाकण वायरीवर आधी चढवायला विसरू नका. हे विसरून, सुंदर सोल्डर करून, कपाळावर हात मारून ते पुन्हा उखडण्याचा अनुभव प्रत्येकाच्या वाट्याला एकदा येतोच. ओतीव रबरी जॅक असेल तर तो कापून नवा जॅक लावायचा. तुटकी वायर "सरावाला होईल" म्हणून परत पिशवीत टाकायची नाही. तिला गाठ मारून ठेवा.

कोपराला गुंडाळणं बंद. हातात सैल वेटोळी, एक सुलट एक उलट, म्हणजे पीळ बसत नाही.

गिटारचं सॉकेट, बटणं, बॅटरी

सॉकेटचा नट सैल झाला की जॅकसोबत अख्खं सॉकेट फिरतं आणि आतल्या तारा पीळ खाऊन तुटतात. नट आवळताना आतून सॉकेट बोटानं धरा, नाहीतर तुम्हीच पीळ घालाल. जॅक ढिला बसत असेल तर आतली पत्ती किंचित आत दाबा, किंचितच. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर येत असेल तर ते तीस-चाळीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, बरीच खरखर तेवढ्यानंच जाते. उरली तर इलेक्ट्रॉनिक कामासाठीचा काँटॅक्ट क्लीनर. घरातला गंज सोडवायचा नेहमीचा स्प्रे मारू नका, त्याचा तेलकट थर राहतो आणि नागपूरच्या उन्हाळ्यात त्यावर धूळ बसून पोळी होते.

ॲक्टिव्ह पिकअप (तारांचा आवाज पकडणारा, बॅटरीवर चालणारा भाग) असेल किंवा इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटार असेल तर ९ व्होल्टची बॅटरी मोजा. मरणारी बॅटरी एकदम जात नाही, आवाज आधी फाटतो, मग दबतो, मग थोडा वेळ ठेवल्यावर जरा बरा येतो. या गिटारमध्ये जॅक आत घातला की बॅटरी चालू होते, तो रात्रभर तसाच राहिला तर सकाळी बॅटरी संपलेली. वायरलेस वापरत असाल तर आधी त्याचं चार्जिंग, मग जवळचा वाय-फाय राउटर. बरेच स्वस्त संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि वाय-फायचीही तीच गल्ली आहे. खात्री करायची असेल तर दहा मिनिटं साधी वायर लावून वाजवा.

पेडलं

एक एक करून साखळीत परत आणा, प्रत्येकानंतर दहा मिनिटं वाजवा. इथे पेडलापेक्षा त्यांच्यामधल्या वीतभर वायरी आणि विजेचा गोल जॅक जास्त त्रास देतात. एकाच ॲडॉप्टरवरून सगळी पेडलं साखळीनं चालवत असाल तर प्रत्येकाच्या मागे लिहिलेले मिलिअँपिअर जोडून पाहा. बेरीज ॲडॉप्टरच्या आकड्याच्या वर गेली तर डिजिटल डिले (प्रतिध्वनीचं पेडल) सर्वांत आधी रुसतो.

ॲम्पच्या मागची दोन भोकं

आता माझ्या गादीकडे. मध्यम आकाराच्या पुष्कळ ॲम्पच्या मागे "सेंड" आणि "रिटर्न" अशी दोन सॉकेटं असतात. डिले किंवा रिव्हर्बसारखी (आवाज घुमवणारी) पेडलं ॲम्पच्या दोन भागांच्या मधे जोडायची सोय. मी ती आयुष्यात वापरली नव्हती, म्हणून तिच्यावर संशय घ्यायचं कारणच नव्हतं. आणि दोष नेमका त्यामुळेच होता.

रिटर्न सॉकेटात काही घातलेलं नसतं तेव्हा आत एक छोटी पत्ती दुसऱ्या पत्तीला टेकलेली असते, आणि तुमचा सगळा आवाज त्या टेकण्यातून पुढे जातो. जॅक घातला की पत्ती उचलली जाते आणि आवाज बाहेरच्या वाटेनं जातो. पण ज्या सॉकेटात कधीच जॅक गेला नाही, तिथली पत्ती कधीच घासली गेली नाही. तिच्यावर हवेची पुटं चढतात. आपल्याकडे मार्च ते जून धूळ, त्यात कूलरची ओली हवा, मग चार महिने पावसाळा. जोरात वाजवलं की ॲम्पचं खोकं थरथरतं, पत्ती केसभर हलते, आणि आवाज दबतो. दुरुस्तीवाल्याकडे तीन दिवस ॲम्प नीट का चालला? कारण तो टेबलावर, हळू आवाजात वाजत होता. शिवाय मागची भोकं तपासताना त्यानं जॅक एकदा आत घालून काढला असेल, तेवढ्यानं पत्ती घासली गेली.

कसोटी दोन मिनिटांची. एक छोटी चांगली वायर घ्या, सेंडमधून थेट रिटर्नमध्ये लावा. पत्ती बाजूला पडते आणि आवाज वायरीतून जातो. दोष गेला, म्हणजे चोर सापडला. ती वायर तशीच ठेवूनही कार्यक्रम करता येतो. कायमचा इलाज: ॲम्प बंद करून, प्लग काढून, एका जॅकला काँटॅक्ट क्लीनर लावायचा आणि तो रिटर्नमध्ये वीसेक वेळा आत-बाहेर करायचा. काही ॲम्पमध्ये ही वाट समांतर असते आणि मूळ आवाज पत्तीतून जातच नाही, तिथे ही कसोटी लागू नाही.

हीच पत्ती छोट्या ॲम्पच्या हेडफोन सॉकेटात असते, स्पीकर बंद करण्यासाठी. सूंसकट सगळं मरत असेल तर आधी तिथे जॅक वीस वेळा आत-बाहेर करा.

स्पीकर

ॲम्प बंद, प्लग बाहेर, मागची जाळी किंवा फळी काढा. स्पीकरला लागलेल्या चपट्या क्लिपा थरथरीनं सैल होतात, त्या ओढून पाहा. कोनाकडे जाणारी वेणीसारखी मऊ तार कुठे उसवली आहे का बघा. स्पीकरची तार सोडवून मल्टिमीटर लावला तर ८ ओमचा स्पीकर साधारण ६ ते ७ ओम दाखवतो. कोन हातानं हलकेच आत दाबताना आकडा उडत असेल तर दोष आत आहे. तपासून झाल्यावर क्लिपा परत लावा. व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकरशिवाय कधीही चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो आणि त्याचा खर्च तुमच्या गिटारइतका येऊ शकतो. ॲम्प ते स्पीकर गिटारची वायरही वापरू नका, ती एवढ्या प्रवाहासाठी नसते.

ऊन, कूलर आणि वीज

आवाज सुरुवातीला नीट, वीस-पंचवीस मिनिटांनी जातो आणि ॲम्प थंड झाल्यावर परत येतो, तर दोष उष्णतेचा. एक तर ॲम्पचं संरक्षण त्याला बंद करतंय, नाहीतर आत कुठे ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सोल्डरचा जोड) आहे आणि धातू फुगल्यावर तो सुटतोय. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदलं गेलं होतं, आणि तो सेन्सरचा घोळ नव्हता. अशा दिवसांत ॲम्प भिंतीला चिकटवून, वर बॅग ठेवून वाजवला तर तो तक्रार करणारच. मागे हातभर जागा ठेवा, टेबल फॅन लावा.

फॅन म्हटलं, कूलर नाही. खोलीत सर्वांत गार जागा कूलरसमोर असते म्हणून आमच्यापैकी प्रत्येकानं ॲम्प तिथेच ठेवला होता. ती हवा ओली असते, आणि सगळी सॉकेटं तिला तोंड करून. शिवाय कूलरची मोटर ॲम्पच्याच एक्स्टेंशन बोर्डवर असेल तर ती चालू-बंद होताना ठप्प आवाज येतो. बोर्ड वेगळा करा. इन्व्हर्टरवर आल्यावरच चरचर येत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (चौकोनी लहरीची वीज देणारा) आहे का ते पाहा, दोष ॲम्पचा नाही.

घूं जाते म्हणून थ्री-पिनची अर्थची पिन काढून टाकणारे पुष्कळ भेटतात. गणपतीच्या मंडपात, ओल्या जमिनीवर, एका हातात गिटारच्या तारा आणि ओठ माइकला, अशा वेळी ती पिन तुमचा जीव असते. ओठाला झिणझिणी आली तर गाणं अर्धवट सोडा आणि अर्थिंग बघून घ्या. मंडळाच्या बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळायला लागली की तोडणारा स्विच) बसवा म्हणून हट्ट धरायला लाजू नका.

कारागिराकडे जाताना

हे सगळं करून दोष ॲम्पच्या आतच आहे असं निघालं तर स्वतः उघडू नका. व्हॉल्व्हच्या ॲम्पमध्ये ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो साठून राहतो. जाणकार कारागीर लाकडी काडीनं एकेक भाग ठोकून सैल सोल्डर शोधतो, ते त्यालाच करू द्या.

पण "आवाज मधेच जातो" एवढंच सांगून ॲम्प ठेवून येऊ नका. दोष घडतानाचा फोनवरचा व्हिडिओ दाखवा. सांगा: वीस मिनिटांनी जातो, व्हॉल्यूम अर्ध्याच्या वर असतानाच जातो, सूं कायम राहते, सेंड-रिटर्नला वायर लावून पाहिली, फरक पडला नाही. आणि स्वतःची वायर सोबत न्या, त्याच्यासमोर वाजवून दाखवा. पहिल्या खेपेला मी यातलं काही केलं नव्हतं, त्यामुळे त्या कारागिराला दोष देण्यात अर्थ नाही.

माझी सेंड-रिटर्नची वायर पूर्ण पावसाळाभर ॲम्पच्या मागे लटकत होती. दिवाळीत घर साफ करताना ती काढली, क्लीनर लावून जॅक वीस वेळा आत-बाहेर केला, आणि आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ॲम्पच्या प्रत्येक सॉकेटात, वापरातलं असो की नसो, जॅक चार वेळा आत-बाहेर करतो. ड्रमवाला त्याला ॲम्पची आंघोळ म्हणतो.